बाळ, घर आणि दवाखाना



मराठी मुलखाबाहेर साठ वर्षे मराठीतून शिकवणाऱ्या शाळेच्या हीरकमहोत्सवात बालआरोग्याचा विषय प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. शाळेचे नाते अक्षराशी आणि दवाखान्याचे औषधाशी, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु या दोन्ही संस्थांपुढचा मूळ प्रश्न एकच आहे. दाराशी आलेल्या मुलाने आपले घर बाहेर ठेवून आत यावे, की घरासह आत यावे? या शाळेच्या संस्थापकांनी त्याचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले. मूल जी भाषा ऐकत मोठे झाले, तिच्यातूनच त्याला नवे ज्ञान द्यावे, म्हणजे ते ज्ञान त्याच्या अंगी मुरते, असे ते उत्तर होते. बालआरोग्याच्या क्षेत्राला याच उत्तरापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला आणि त्या विलंबाची किंमत बालकांनी मोजली. तो प्रवास समजून घेणे हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मोठा माणूस आजारी पडला की तो स्वतः वैद्याकडे जातो, स्वतः सांगतो आणि स्वतः औषध घेतो. तान्ह्या बाळाचे तसे नसते. त्याचे दुखणे आई ओळखते, आजी त्याला नाव देते, त्यावर काय करायचे हे घरातली वडीलधारी मंडळी ठरवतात आणि दवाखान्यात न्यायचे की नाही याचा निर्णय बहुधा पैसे ज्याच्या हाती असतात तो घेतो. डॉक्टरांसमोर ते बाळ फार तर पाच-दहा मिनिटे असते. उरलेला सगळा दिवस आणि सगळी रात्र ते घरी असते. औषधाचा प्रत्येक डोस घरच्याच हाताने त्याच्या तोंडात जातो किंवा जात नाही. म्हणजे बालकाच्या उपचारात घर हा केवळ पत्ता नाही; उपचार घरच पार पाडते. ज्या दवाखान्याला त्या घराची भाषा, श्रद्धा, भीती आणि रोजचा क्रम कळत नाही, त्याने दिलेली चिठ्ठी अचूक असूनही निष्फळ ठरू शकते.

शब्दांपासूनच आरंभ करू. हिंदी प्रदेशातील आई आपल्या खोकणाऱ्या बाळाविषयी सांगते, ‘पसली चल रही है.’ मराठी आई म्हणते, ‘बाळाचं पोट उडतंय.’ घाईत असलेल्या डॉक्टरला हे अडाणी बोलणे वाटू शकते. प्रत्यक्षात या मातांनी एक नेमके वैद्यकीय निरीक्षण नोंदवलेले असते. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे हे बालकांतील न्यूमोनियाचे महत्त्वाचे लक्षण आहे आणि आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात ते आवर्जून शिकवले जाते. आईने ते डोळ्यांनी पाहिलेले असते, तिच्या भाषेत त्याला शब्दही असतो. अडचण एवढीच की तो शब्द दवाखान्याच्या कोशात नसतो. ‘बाळाला न्यूमोनिया झाला होता का?’ असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणेल. ‘पोट उडत होते का?’ असे विचारले तर ती दिवस आणि वेळ सांगेल.

घराचे ऐकून उपचाराची घडण केली तर काय साधते, याचे भारतातील सर्वांत अभ्यासलेले उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यावर ‘सर्च’ ही संस्था स्थापून त्या जिल्ह्यात काम सुरू केले. आदिवासी गावकरी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले. मिळालेली उत्तरे विचार करायला लावणारी होती. मोठ्या इमारतीत शिरताना भीती वाटते. तिथे नातेवाइकांना रुग्णाजवळ राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात, आमच्याकडे तर मृतदेह पांढऱ्या कापडात गुंडाळतात. आरोग्यसेवेच्या दृष्टीने पांढरा रंग स्वच्छतेचा होता. समोरच्या माणसाच्या दृष्टीने तो मरणाचा होता. ही उत्तरे हसण्यावारी न नेता रुग्णालयच वेगळ्या पद्धतीने बांधले गेले. आदिवासी गावातील घरांसारख्या कुट्या उभ्या राहिल्या, नातेवाइकांना रुग्णाबरोबर राहण्याची सोय झाली आणि रुग्णालयाला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. औषधे तीच राहिली; त्यांच्यापर्यंत नेणारी वाट मात्र लोकांच्या ओळखीची झाली.

त्याच जिल्ह्यात बालकांच्या न्यूमोनियावर झालेले काम याहून बोलके आहे. न्यूमोनिया ओळखण्याचा एक सोपा उपाय म्हणजे मिनिटाला होणारे श्वास मोजणे. दोन महिन्यांहून लहान बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचा 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा अधिक झाला, तर धोका समजावा. परंतु ज्या दाईने आयुष्यात शाळा पाहिली नाही, तिने साठपर्यंत मोजायचे कसे? गावातील बाळंतपणे तर तिच्याच हातून होत होती आणि बाळाची पहिली हाकही तिच्याच कानी पडत होती. तिला वगळून काम करणे सोपे होते. गडचिरोलीत साधनच तिला जुळेल असे घडवले गेले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे ते श्वासमापक होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे. अक्षरओळख नसलेल्या बोटांना मणी मोजण्याची सवय होतीच. विज्ञानाने त्या सवयीचा आधार घेतला.

या प्रयोगाचे निष्कर्ष 1990 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणि दायांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या बालरुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या क्षेत्रात ते 13.5 टक्के होते. पुढे 1993 ते 1998 या काळात नवजात बालकांच्या घरोघर देखभालीचा प्रयोग झाला. 39 गावांत, गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. त्या बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, बाळाचे वजन घेत, त्याला ऊब देत, आईला स्तनपानास मदत करत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखत आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे 62 असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे 25 वर आला. 2011 पासून भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव आहे.

या यशाचे सगळे श्रेय औषधाला देता येणार नाही. ते औषध शहरातही उपलब्ध होतेच. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला प्रवेश नसतो, गावातल्या लेकी-सुनेला मात्र असतो. तिला आजीशी कसे बोलायचे ते ठाऊक असते. कोणत्या वेळी घरात पुरुष असतात, कोणत्या वेळी नसतात, हे माहीत असते. घराने जिला आधीच आपले मानले आहे, तिच्या हाती विज्ञान दिले गेले. म्हणून ते उंबरठा ओलांडू शकले.

जुन्या रूढी आणि नवे विज्ञान यांच्यात सदैव वैरच असते असेही नाही. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या दिवशी मराठी घरांत पाचवी पुजतात. सटवाई येऊन बाळाचे विधिलिखित लिहिते, अशी श्रद्धा आहे आणि त्या रात्री घर जागे राहते. उत्तर भारतात छठीचा विधी असतो. या रूढींमागे शतकानुशतकांचे दुःख दडलेले असावे. नवजात बालकांचे बहुसंख्य मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात, हे आज आकडेवारीने सिद्ध आहे. घरांना ते अनुभवाने ठाऊक होते. ‘आशा’ची गृहभेट तिसऱ्या आणि सातव्या दिवशी असते, म्हणजे पाचवीच्या अलीकडे आणि पलीकडे. तसेच सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही प्रथा. गर्दीपासून, संसर्गापासून संरक्षण हा तिचा लाभ. परंतु आजारी बाळही घरातच अडकून पडणे हा तिचा धोका. गृहभेटींचा कार्यक्रम 42 दिवसांपर्यंत चालतो, म्हणजे तो नेमका या बंद दाराच्या काळात आत शिरतो. ‘प्रथा मोडा’ असे न सांगता प्रथेच्या आत सेवा नेऊन ठेवण्याचा हा मार्ग आहे.

शेजारच्या बांगलादेशातील एक उदाहरण इथे उपयुक्त ठरेल, कारण तिथे संपूर्ण देशाने घरच्या मापांचा आधार घेतला. अतिसारात बालक दगावते ते अंगातील पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले, तेव्हा या उपायाचे सामर्थ्य जगापुढे आले. प्रश्न उरला तो हे पाणी घरोघरी पोहोचवण्याचा. 1980 च्या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशातील खेड्यापाड्यांत घरोघर गेल्या आणि एक कोटीहून अधिक कुटुंबांतील स्त्रियांना हे द्रावण करायला शिकवले. ग्रॅम-मिलिलिटरची भाषा त्यांनी बाजूला ठेवली. तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. स्वयंपाकघरात रोज वापरात असलेलीच ही मापे होती. कार्यकर्तीचे वेतन तिने किती घरे केली यावर अवलंबून नव्हते, तर काही आठवड्यांनी मातांना किती आठवते यावर होते. स्त्रिया शिकल्या तरी वापर कमी आहे असे आढळले, तेव्हा पुरुषांना कोणी विश्वासात घेतलेच नव्हते हे लक्षात आले. मग बाजारात आणि मशिदींत जाऊन पुरुषांशीही बोलणे सुरू झाले. आज क्षारसंजीवनीची तयार पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात आणि त्याच वापरणे श्रेयस्कर. परंतु आजही ‘एक लिटर पाणी’ म्हणजे घरातले कोणते भांडे, हे आईला तिथल्या तिथे दाखवले नाही तर पाकीट चुकीच्या पाण्यात मिसळले जाते.

आता एक अधिक कठीण उदाहरण. उत्तर प्रदेशातील पल्स पोलिओ मोहिमेला 2000 च्या दशकात काही वस्त्यांमधून तीव्र विरोध झाला. थेंबांमुळे मुले पुढे निःसंतान होतील, अशी अफवा मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. दारे बंद होत, मुले लपवली जात. ही केवळ अज्ञानाची गोष्ट म्हणून सोडून देणे सोपे होते. लोक विचारत होते ते मात्र बिनतोड होते. गटार तुंबलेले आहे त्याकडे कोणी पाहत नाही, ताप आला तर दवाखान्यात औषध मिळत नाही, मग या एकाच थेंबासाठी सरकार पुन्हा पुन्हा दारात का येते? या प्रश्नात अविश्वासाचा इतिहास होता. त्याला उत्तर दोन प्रकारे दिले गेले. पहिले म्हणजे माणसे बदलली. त्याच वस्तीतल्या स्त्रिया घरोघर फिरू लागल्या, मशिदींतून आवाहने झाली, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिल्लिया इस्लामिया यांसारख्या संस्था पुढे आल्या. दुसरे म्हणजे कामाची व्याप्ती वाढली. उत्तर प्रदेश आणि बिहारमधील सर्वाधिक जोखमीच्या 107 तालुक्यांसाठी पोलिओच्या थेंबांबरोबरच स्वच्छता, अतिसारावरील उपचार, स्तनपान आणि नियमित लसीकरण यांवरही भर देण्यात आला. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण हा देशातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला आणि 27 मार्च 2014 रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ज्यांना ‘हटवादी’ म्हटले गेले, त्यांच्याच सहभागाने ही मोहीम पूर्ण झाली, हे विसरता कामा नये.

इथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. संस्कृतीचा मान राखायचा म्हणजे घरात जे जे चालते ते सारे मान्य करायचे काय? मुळीच नाही. मेळघाटातील कोरकू पाड्यांवर बाळाचे पोट फुगले की तापलेल्या सळईने पोटावर चटके देण्याची प्रथा आहे. तिला डंबा म्हणतात. मध्य प्रदेशातील आदिवासी भागांतही न्यूमोनियाच्या बाळाला असेच डागले जाते आणि त्यात बालके दगावल्याच्या बातम्या येत असतात. इथे मान राखण्याचा प्रश्नच नाही. संस्कृती मोठ्या माणसांची असते. वेदना मात्र त्या बाळाची असते आणि त्याला विचारणारे कोणी नसते. म्हणून बालआरोग्यात परंपरेचा आदर आणि बालकाचे हित यांत संघर्ष आला, तर बालकाचे हितच वर ठेवले पाहिजे. परंतु ते कसे ठेवायचे, याला महत्त्व आहे. भूमकाकडे जाणाऱ्या आईला दवाखान्यात रागावले, तर पुढच्या वेळी ती भूमकाकडे जाणे थांबवत नाही. ती दवाखान्यात सांगणे थांबवते. लपवलेला चटका उशिरा कळतो आणि त्याआधीचा न्यूमोनिया त्याहूनही उशिरा कळतो. भूमकाला शत्रू न मानता ‘अशी लक्षणे असलेले बाळ आमच्याकडे लगेच पाठवा’ अशी विनंती केली, तर रुग्णालयाच्या वाटेवरचा एक अडसर वाटाड्या होऊ शकतो.

म्हणूनच अनुभवी आरोग्यसेविका घरातील रूढींची मनात तीन भागांत वाटणी करते. पहिला भाग हितकर रूढींचा. बाळाला आईच्या कुशीत ठेवणे, हलक्या हाताने तेल लावणे, बाळंतिणीला डिंक, अळीव, खोबरे खाऊ घालणे, तिला कामातून सुटका देणे. यांचे उघडपणे कौतुक करावे. त्यामुळे आजीचा विश्वास बसतो. दुसरा भाग निरुपद्रवी रूढींचा. मनगटात काळे मणी, दृष्ट काढणे, टाळू भरणे, बारशापर्यंत नाव न घेणे. यांविषयी काही बोलूच नये. बारशाआधी बाळाचे नाव विचारून कार्डावर लिहिण्याचा हट्ट कशाला? आईचे नाव पुरते. दृष्टीची भीती असलेल्या घरात ‘बाळ किती गुटगुटीत!’ असे म्हणण्याऐवजी ‘तुम्ही वजन छान वाढवलंत’ असे आईला म्हणावे. आनंद तोच पोहोचतो, काळजी मात्र निर्माण होत नाही.

तिसरा भाग अपायकारक रूढींचा आणि इथेच कौशल्याची कसोटी लागते. नुसते ‘हे करू नका’ म्हणण्यापेक्षा ‘त्याऐवजी हे करा’ असे सांगता आले पाहिजे. पहिल्या दिवसांचे घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, अनेक घरांत पिळून टाकतात आणि बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवतात. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून दुर्मीळ पण घातक विषबाधा संभवते. आणि चिकामध्ये रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. गाई-म्हशीच्या चिकाचे खरवस आवडीने खाणाऱ्या आजीला ‘वासराचा चीक आपण मोलाचा मानतो, मग आपल्या बाळाचा का टाकायचा?’ असे विचारले, तर ती क्षणभर तरी थांबते. काजळ डोळ्यांत घालू नये, कारण त्याने संसर्ग होऊ शकतो आणि काही सुरम्यांत शिसेही असते. तीट मात्र तळपायाला किंवा कानामागे लावता येते. टाळूवर तेल चालते, नाका-कानात नको. बाळंतिणीच्या खोलीत ऊब हवी, पण कोंदट खोलीतील शेगडीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना घातक; तेव्हा ऊब ठेवावी, धूर काढावा. खोकणाऱ्या मुलाला केळे ‘थंड’ म्हणून देत नसतील, तर केळ्यावर वाद न घालता घराला मान्य असलेला तितकाच पौष्टिक पदार्थ सुचवावा.

यापुढचा मुद्दा अप्रिय, पण आवश्यक आहे. ‘संस्कृती’ हा शब्द पुष्कळदा सोयीची पळवाट म्हणून वापरला जातो. आदिवासी आई बाळाला घेऊन आली नाही की ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारून वही मिटता येते. प्रत्यक्षात पावसाळ्यात नाल्याला पूर असतो, गाडी नसते, एक दिवस गेला की मजुरी बुडते, घरी दुसरी दोन लहान मुले असतात आणि मागच्या वेळी इतके चालून गेल्यावर केंद्राला कुलूप होते. ही संस्कृती नव्हे. ही गैरसोय आहे आणि तिची जबाबदारी आईची नाही. तसेच एखाद्या वस्तीत जायला कोणी कर्मचारी जातीमुळे कचरत असेल, तर तिथे मागास रूढी रुग्णाच्या घरात नसून सेवकाच्या मनात आहे.

आणखी एक गैरसमज असा की संस्कृती फक्त खेड्यातल्या आणि पाड्यावरच्या माणसांना असते; शहरातल्या सुशिक्षितांपाशी असते ते शुद्ध विज्ञान. विषाणूजन्य सर्दीसाठी प्रतिजैविकाचा आग्रह धरणारे, ‘सुई दिल्याशिवाय ताप उतरत नाही’ असे मानणारे आणि डब्यातल्या पावडरीच्या दुधाने बाळ बाळसेदार होते यावर विश्वास ठेवणारे पालक शहरांतही भेटतात. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींचा मोह इतका प्रबळ होता की भारताला 1992 साली शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. दवाखान्यालाही स्वतःची संस्कृती असते. तिथली रांग, तिथले एकेरी संबोधन, कार्डावरची न वाचता येणारी अक्षरे, आईला प्रश्न विचारू न देण्याची घाई, या साऱ्या तिथल्या रूढीच आहेत. त्याही तपासून घेण्याजोग्या आहेत.

मराठी मुलखाबाहेर वाढलेल्या या शाळेच्या परिवाराला या विषयाची एक बाजू विशेष ओळखीची वाटेल. घर एका भाषेत बोलते आणि दवाखाना दुसऱ्या भाषेत. पोटासाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या वाट्याला हे रोज येते. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दर वर्षी कर्नाटकातही जातात. फडावर राहणाऱ्या बाळाचे लसीकरणाचे कार्ड एका राज्याचे, पुढची लस दुसऱ्या राज्यात द्यायची आणि आरोग्यसेविकेची भाषा आईला परकी. अशा घरांत दुभाषी होते ते शाळेत जाणारे मूल, कारण गावाची भाषा त्यालाच येते. आठ-दहा वर्षांची मुलगी डॉक्टरांचे म्हणणे आईला आणि आईचे म्हणणे डॉक्टरांना सांगते. धाकट्या भावाच्या तापापुरते हे ठीक आहे. परंतु आईचे स्वतःचे दुखणे, गर्भपात, घरातली मारहाण किंवा भावंडाच्या गंभीर आजाराची वार्ता त्या मुलीच्या तोंडून वदवणे अन्यायाचे आहे. आई काही गोष्टी लेकीसमोर बोलत नाही, आणि लेक काही शब्द आईला सांगत नाही. मधल्या मधे निदान हरवते. शक्य तिथे प्रौढ दुभाषी असावा आणि मूल हे मूलच राहावे, हा बालआरोग्याचाच नियम आहे.

या कामात शाळेचा वाटा लहान नाही. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत मुलांची तपासणी करतात. तपासणीत दोष आढळला तरी पुढचा उपचार पालकांच्या संमतीवर आणि समजुतीवर अवलंबून असतो. चष्मा लागला हे मुलीच्या घरी कमीपणाचे वाटते का, फिट येणाऱ्या मुलाला घरचे बाहेरची बाधा समजतात का, हे डॉक्टरांपेक्षा वर्गशिक्षकांना अधिक ठाऊक असते. पालकसभेत घरच्या भाषेत सांगितलेले दोन शब्द इथे मोठे काम करतात.

हीरकमहोत्सवाच्या वर्षात अशी शाळा एक साधे काम हाती घेऊ शकते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी घरोघरच्या आज्यांना, आत्यांना, मावश्यांना विचारून लहान मुलांच्या दुखण्यांचे शब्द गोळा करावेत. पोट उडणे, टाळू पडणे, डोळे पांढरे करणे, दूध टाकणे, बाळ मलूल होणे, धाप लागणे. प्रत्येक शब्दापुढे स्थानिक भाषेतील शब्द आणि तो ऐकला की काय तपासावे, हे एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या मदतीने लिहावे. ती लहानशी वही जवळच्या आरोग्य केंद्राला द्यावी. शेजारच्या तेलुगू, ओडिया किंवा बंगाली घरांचे शब्दही तिच्यात आले तर अधिक चांगले, कारण परक्या शहरात भाषा हरवलेली आई केवळ मराठीच असते असे नाही.

त्या वहीतील ‘टाळू पडणे’ हा शब्द वाचून एखाद्या परिचारिकेने अतिसार झालेल्या बाळाच्या टाळूवर वेळेवर हात ठेवला, ती खोल गेली आहे हे ओळखले आणि क्षारसंजीवनी सुरू करून त्याला तातडीने डॉक्टरांकडे पाठवले, तर मातृभाषेतून शिकण्याचा अर्थ त्या वहीच्या मुलांना पुस्तकाबाहेरही उमगेल.